बार सोडला, पण खांद्याला सुट्टी मिळाली का?

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 21 म्हणतोस, माझा पुतण्या तुझ्याएवढा आहे, म्हणून एकेरीतच बोलतो. तुझं म्हणणं थोडक्यात असं. नोव्हेंबरात तालुक्याच्या हॉलमध्ये 80 किलोचा स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेण्याची लिफ्ट, मारताना बार डोक्यामागे गेला, तू तो सावरायला गेलास आणि उजव्या खांद्यात कळ आली. एमआरआयमध्ये ‘सुप्रास्पिनॅटसची अर्धवट फाट’ निघाली. डॉक्टर म्हणाले वजन उचलू नको. चार महिने तू बारला हात लावला नाहीस, तरी हात वर नेला की दुखतं आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मेच्या शेवटी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. कोच म्हणतात हळूहळू सुरू कर, आई म्हणते चोळणाऱ्याकडे जा, मित्र म्हणतो एक इंजेक्शन घेऊन टाक. आणि अगदी शेवटी तू एक ओळ लिहिलीस: ‘घरी सात एकर वावर आहे, सध्या पऱ्हाटी उपटणं चालू आहे.’

तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात अठरा वर्षं काम करतो. कॉलेजात असताना स्वतः वेटलिफ्टिंग केलं, आणि आताही दर शनिवारी एका तालुक्याच्या हॉलमध्ये पोरांचे खांदे-गुडघे बघायला जातो. आपल्याकडच्या लिफ्टरचं दुखणं शहरातल्या लिफ्टरसारखं नसतं, हे मला उशिरा कळलं. शहरातला पोरगा ‘विश्रांती घेतो’ म्हणजे घरी बसतो. आपल्याकडचा पोरगा विश्रांती घेतो म्हणजे बार सोडतो आणि वावरात जातो.

पऱ्हाटीचंच, म्हणजे कपाशीच्या झाडांचंच बघ. उपटायचा चिमटा बुडाशी लावायचा, वाकायचं आणि झटका देऊन झाड मुळासकट ओढायचं. चार बाय दीड फुटावर लागवड असेल तर एकरात सात हजारांच्या वर झाडं होतात. त्यातली निम्मी जरी तू उपटलीस तरी एका एकरात साडेतीन हजार झटके, आणि बहुतेक सगळे उजव्या हाताने. हॉलमध्ये एका संध्याकाळी तू साठ-सत्तर लिफ्ट मारत असशील. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरात तुरीवर फवारणी केली असशीलच. पंपात 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो, वर पंपाचं वजन. तो पाठीवर घेताना आपण एक हात पट्ट्यात घालतो आणि अंग फिरवून पंप मागे टाकतो. दुखऱ्या खांद्यासाठी याहून वाईट हालचाल शोधून सापडायची नाही. कापसाची गाठोडी ट्रॉलीत फेकणं तर मी मोजतही नाही.

म्हणजे डॉक्टरांनी ‘वजन उचलू नको’ म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर बार होता आणि तूही बारच सोडलास. खांद्याला मात्र रोज भार मिळत राहिला, तोही झटक्याचा, न मोजलेला. आणि ज्या हळू, मोजलेल्या भारामुळे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बळकट होतं, तो चार महिन्यांत एकदाही मिळाला नाही. तुझा प्रश्न ‘बार कधी धरू’ असा आहे. मला तो असा दिसतो: दिवसाच्या चोवीस तासांत या खांद्यावर किती आणि कसा भार पडतो, आणि त्यातला कोणता आपल्या हातात आहे?

आता काही गोष्टी तुला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, त्या आधीच मोकळेपणाने सांगतो. फाट किती खोल आहे यावर बरंच ठरतं. टेंडन पूर्ण तुटलेलं असतं आणि तेही अशा एका झटक्यात, तर तुझ्या वयाच्या मुलाला मी थेट सर्जनकडे पाठवलं असतं, कारण तिथे उशीर महागात पडतो. अर्धवट फाटेत बहुतेकदा व्यायामाने काम भागतं. पण हात स्वतःहून खांद्यापर्यंतसुद्धा उचलता येत नसेल, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, खांद्याचा आकार बदललेला दिसत असेल, ताप आणि लाली असेल, किंवा दुखणं मानेतून हातात उतरत असेल, तर खालचं काहीही करू नकोस. आधी दाखव. सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हाडांचा विभाग आणि फिजिओथेरपी दोन्ही एका आवारात आहेत, तिथे एमआरआयची फिल्म घेऊन जा. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नकोस.

रिपोर्टबद्दल अजून एक. ‘फाट’ हा शब्द वाचून पोरांचे चेहरे उतरतात. कधीही खांदा न दुखलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी कितीतरी जणांत लहानमोठ्या फाटी दिसतात. रिपोर्ट खोटा नसतो, पण तुझ्या खांद्यात आज ताकद किती आहे ते त्यात लिहिलेलं नसतं. ते तुला घरीच बघता येईल. बाजेवर उताणा झोप आणि डाव्या हाताने उजवा हात धरून हळूच डोक्याकडे ने. हात पूर्ण जातो का? मग उभा राहून तोच हात स्वतःच्या ताकदीने बाजूने वर उचल. दुसऱ्याच्या आधाराने हात पूर्ण जातो, पण स्वतः उचलताना मध्येच, साधारण 60 ते 120 अंशांच्या पट्ट्यात दुखतं आणि पुढे कमी होतं, असं असेल तर दुखणं टेंडनचं असण्याची शक्यता जास्त. आधारानेही हात अडतो, असं असेल तर सांधाच आखडतोय. ते बहुधा चाळिशीनंतर आणि साखर असलेल्यांत दिसतं, तुझ्यात असण्याची शक्यता कमी. पण चार महिने हात जपून जपून वापरला तर तरुण पोरांतही थोडा आखडतो.

खांद्याची रचना थोडी समजून घे, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. चहाच्या बशीत कवठ ठेवलं तर ते जसं राहील, तसं दंडाच्या हाडाचं डोकं खांद्याच्या उथळ खोबणीत असतं. चार लहान स्नायू चारी बाजूंनी ते जागेवर धरून ठेवतात. सुप्रास्पिनॅटस हा त्यातला वरचा. हात 180 अंश वर जातो तेव्हा त्यातला साधारण 120 अंशांचा भाग सांध्यातून येतो आणि 60 अंशांचा पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरल्यामुळे. फरा नीट फिरला नाही, किंवा पाठीचा वरचा भाग ताठ असला, तर उरलेले अंश सांध्यालाच काढावे लागतात, आणि ओझं त्या वरच्या टेंडनवर येतं. टेंडनला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी, म्हणून ते सावकाश भरतं. मी माझ्या पेशंटला बारा आठवड्यांच्या आत काही वचन देत नाही.

मीराबाई चानूचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. खांद्याच्या आणि पाठीच्या त्रासामुळे ती 2020 मध्ये अमेरिकेत एका माजी लिफ्टर असलेल्या फिजिओकडे गेली. तिथे स्नायूंचा तोल कुठे बिघडलाय ते शोधून त्यावर काम झालं. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याच्या लिफ्टमध्ये, 119 किलोचा विश्वविक्रम केला, आणि त्याच वर्षी टोकियोत 202 किलोसह रौप्यपदक घेतलं. तिच्याकडे होत्या त्या सोयी आपल्याकडे नाहीत, हे खरं. पण कारण शोधायला आणि रोज पंचवीस मिनिटं द्यायला मोठी सोय लागत नाही. माझ्याकडची अर्धी पोरं सायकलच्या जुन्या ट्यूबवर बरी झाली आहेत.

पहिले दोन-तीन आठवडे एवढंच कर. दाराच्या चौकटीजवळ उभा राहा, कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकव, आणि मनगटाची बाहेरची बाजू चौकटीवर दाब. हात हलला नाही पाहिजे. निम्म्या ताकदीने 30 ते 45 सेकंद, असं पाच वेळा. मग तोंड फिरवून आतल्या बाजूने तेवढंच. दिवसातून दोनदा. रात्री उताणा झोप आणि दुखऱ्या दंडाखाली वाकळेची घडी ठेव, म्हणजे कोपर मागे लोंबकळणार नाही. नुसत्या या एका बदलाने कित्येकांची झोप परत आलेली मी पाहिली आहे.

दुखणं मोजायचा नियम आत्ताच पाठ कर. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं आदल्या सकाळएवढंच असलं पाहिजे. वाढलं असेल तर काल जास्त झालं, आज कमी कर. एक साधी वही घे आणि रोज सकाळचा आकडा लिही. बाजूला काल वावरात काय केलं तेही लिही. पंधरा दिवसांनी ती वही डॉक्टरपेक्षा जास्त सांगते.

सकाळचा आकडा स्थिर झाला की ट्यूब काढ. खिडकीच्या गजाला बांध, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी धर आणि हात बाहेरच्या बाजूला फिरव. बाहेर नेताना नेहमीच्या वेगाने, परत येताना तीन-चार सेकंद मोजत. परत येणंच महत्त्वाचं आहे, तेच सगळे घाईने उरकतात. पंधरा-पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. त्याच ट्यूबने कोपर मागे ओढून रोइंग. भिंतीवर पुशअप मार, आणि वर आल्यावर पाठ अजून थोडी मागे ढकल, त्याने फरा बरगडीला धरून ठेवणारा स्नायू जागा होतो. पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. ती घेऊन बाजेच्या काठावर पालथा झोप आणि हात तिरका वर उचल. एक किलोला हसू नकोस. 100 किलो जर्क मारणारा पोरगा यावर दहाव्या रेपला थरथरताना मी पाहिला आहे.

या सगळ्या काळात पाय बसू देऊ नकोस. चार महिने स्क्वॉटही बंद ठेवलास, ते करायची गरज नव्हती. बार पाठीवर घेताना खांदा मागे वळतो म्हणून बॅक स्क्वॉट दुखेल, पण बारला दोन पट्टे बांधून ते धरून फ्रंट स्क्वॉट करता येतो. क्लीन पुल, म्हणजे बार खांद्यावर न घेता नुसता वर ओढणं, पट्टे लावून, हात सरळ लोंबते ठेवून बहुतेकांना चालतो. कोचना हेच सांग. त्यांचं ‘हळूहळू सुरू कर’ बरोबर आहे, फक्त सुरुवात डोक्यावरच्या लिफ्टपासून करायची नाही. आणि वजन कितीही कमी वाटलं तरी सकाळचा आकडा विचारूनच पुढचं ठरवायचं, हे दोघांनी आधी ठरवून घ्या.

डोक्यावर जायची वेळ कधी? माझी खूण साधी आहे. ट्यूबने बाहेर फिरवण्याची ताकद डाव्याच्या जवळपास आली पाहिजे, आणि दुखऱ्या हाताने पाच किलो डोक्यावर धरून तीस सेकंद शांत उभं राहता आलं पाहिजे. मग काठी. स्नॅचच्या पकडीने काठी डोक्यावर धरून ओव्हरहेड स्क्वॉट. इथे एक गंमत दिसते, म्हणजे मला तरी ती अजून थक्क करते: खांद्याची तक्रार घेऊन आलेल्या पोराचा दोष घोट्यात निघतो. घोटा वाकत नाही, म्हणून खाली बसताना अंग पुढे झुकतं आणि तोल सांभाळायला हात मागे जातो. तुझा बार ‘डोक्यामागे गेला’ म्हणतोस, म्हणून हे नक्की बघ. टाच न उचलता, गुडघा पायाच्या बोटांच्या चांगला पुढे जातो का? जात नसेल तर खांदा बरा होऊनही पुन्हा तिथेच दुखेल. पाठीसाठी वाकळेची घट्ट गुंडाळी कर, ती फऱ्यांखाली आडवी ठेवून रोज दोन मिनिटं तिच्यावर उताणा पड.

काठीनंतर मोकळा बार. पुरुषांचा 20 किलोचा. मुलींचा 15 किलोचा हॉलमध्ये असेल तर आधी तो घे, त्यात कमीपणा नाही. त्यानंतर जुन्या सर्वोत्तम वजनाच्या चाळीस टक्क्यांपासून, आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सकाळचा आकडा वाढला तर त्या आठवड्याला वाढ नाही.

आणि बार टाकायला शीक. याबद्दल मला मनापासून तळमळ आहे, कारण आपल्या हॉलमध्ये निम्म्या जखमा इथे होतात. रबरी प्लेटा नसतात, खाली शहाबादी फरशी असते, फरशी फुटली तर बोलणी बसतात. म्हणून पोरं डोक्यावरचा लोखंडी बार हातानेच हळू खाली आणतात, आणि मागे चाललेला बारही सोडून न देता ओढून धरतात. तू तेच केलंस. आमच्या हॉलमध्ये आम्ही गोणपाटाच्या चार पोत्यांत लाकडाचा भुसा ठासून भरला, तोंडं शिवली, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन ठेवली. एक पैसा लागला नाही, भुसा सॉमिलवाल्याने दिला. पहिल्या दिवशी मी पोरांकडून फक्त बार टाकून घेतला, पुढे वीस वेळा आणि मागे वीस वेळा. मागे जाणारा बार सोडायचा आणि आपण पुढे उडी मारायची, हे अंगात भिनलं की खांदा वाचतो.

आता आईचं आणि मित्राचं. तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, आईला तेवढं करू दे. पण खांदा ‘बसवून’ देतो म्हणत हात पिळणाऱ्याकडे जाऊ नकोस. तुझा खांदा उखळलेलाच नाही, तर बसवायचं काय? फाटलेल्या टेंडनला पीळ दिला तर फाट वाढू शकते. आणि कधी खरंच उखळला, तर तो दवाखान्यातच बसवायचा, कारण हाड मोडलंय का आणि नस दबलीय का ते आधी बघावं लागतं.

इंजेक्शनचं मी स्वतः भोगलेलं आहे. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी चार दिवस मी असंच एक स्टिरॉइडचं घेतलं. ज्यांनी दिलं त्यांनी स्पर्धा आहे का हे विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी काहीच दुखलं नाही, म्हणून जर्कचे तिन्ही प्रयत्न पूर्ण ताकदीने मारले. आठवड्याने शर्टाच्या बाहीत हात घालता येईना, आणि पुढचं वर्ष गेलं. स्टिरॉइडने दुखणं काही आठवडे दबतं, टेंडन भरत नाही, आणि वारंवार घेतलं तर ते कमकुवत होऊ शकतं. रात्रीची झोपच उडाली असेल आणि व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर तज्ज्ञ डॉक्टर कधी एखादं देतात, त्याला माझा विरोध नाही. पण त्यानंतर काही आठवडे डोक्यावर जड वजन नाही. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून टोचून घेतलेलं कोणतंही ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे याच जातीचं स्टिरॉइड, स्पर्धेच्या काळात वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहे. डॉक्टरांना खेळाडू असल्याचं सांग, औषधाचं नाव आणि तारीख लिहून घे. दुखणं थांबवायच्या गोळ्या रोज खाऊन वावरात जाणं तर बंदच कर. एप्रिल-मेचं आपलं ऊन, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वर डायक्लोफिनॅक, हे मूत्रपिंडाला झेपत नाही.

खाण्याचं एवढंच की टेंडनलाही प्रथिनं लागतात. तुझं वजन 67 किलो, तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जायला हवीत. घट्ट वरण, फुटाणे, शेंगदाणे, चार अंडी, सोयाबीनच्या वड्या, यातून ती पूर्ण होतात. जिममधली बिननावाची पावडर घेऊ नकोस, त्यात काय मिसळलंय ते डोपिंगच्या चाचणीतच कळतं.

मेची निवड चाचणी. आज मार्चचा मध्य, म्हणजे हातात दहा आठवडे आहेत. माझं मत स्पष्ट आहे, या वेळी सोड. दहा आठवड्यांत तू फार तर मोकळ्या बारच्या थोडा पुढे असशील. वाईट वाटेल, मला माहीत आहे, पण 21 वय हे लिफ्टरचं काही उतरतं वय नाही. त्या दिवशी चाचणीला जा मात्र, कोचबरोबर बस, दुसऱ्यांचे प्रयत्न मोज, बार मागे गेल्यावर कोण कसं टाकतं ते बघ.

राहिलं वावर. वडिलांना ‘मी काम करणार नाही’ असं सांगता येत नाही, कास्तकाराच्या घरात ते चालतही नाही. कामाची अदलाबदल माग. चिमटा भावाला किंवा मजुराला, उपटलेल्या पऱ्हाट्या गोळा करून बंडीत, म्हणजे बैलगाडीत, रचणं तुझ्याकडे, तेही दोन्ही हातांनी आणि छातीच्या वर न उचलता. पंप भरलेला जमिनीवरून उचलून अंगावर फेकायचा नाही. बंडीच्या काठावर किंवा बांधावर कमरेच्या उंचीवर ठेवायचा, पाठ टेकवून दोन्ही पट्टे घालायचे आणि मग उठायचं. खताची पोती दोघांनी. यंदाची उरलेली पऱ्हाटी किती एकर आहे ते मला कळव, आणि पंधरा दिवसांच्या वहीचे आकडेही.